पांढरीच्या पोटात

वैराग, बार्शी, माढा या पट्ट्यातल्या जुन्या घरांची माळवदे आपण पाहिली असतील. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. मृगाच्या आधी या थरावर नवी माती पसरून ती चोपतात. ही माती शेतातली चालत नाही. शेतातली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते. तिचे छप्पर पहिल्याच पावसात गळेल. माळवदाला माती लागते ती पांढरीची.

ही पांढरी येते कुठून? आपल्या जुन्या बोलीत गावाचे दोन भाग असत. एक काळी, म्हणजे कसण्याची जमीन, आणि दुसरी पांढरी, म्हणजे वस्तीची जमीन. गाव उठून दुसरीकडे गेले तरी जुन्या वस्तीच्या जागेला पांढर हेच नाव राहते. नदीकाठी, आजच्या गावापासून थोडे बाजूला, एखादे उंचवट्याचे रान असते. तिथे पीक वेगळे दिसते, पावसानंतर खापऱ्या उघड्या पडतात, कधी शंखाच्या बांगडीचा तुकडा किंवा एखादा मणी मिळतो. अशा टेकाडावरची माती बैलगाडीने, आता ट्रॅक्टरने, आणून लोक माळवदावर किंवा शेतात टाकतात. म्हणजे आपल्या डोक्यावरच्या छपरात दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी घराची भिंत असू शकते.

ती माती पांढरट का, हे रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. माणूस जिथे राहतो तिथे चूल पेटते आणि राख साठते. राखेत कॅल्शियम आणि पोटॅशियमची संयुगे असतात. जनावरांचे शेण, लघवी, खरकटे, हाडे हे सारे तिथेच मुरते. हाडांत कॅल्शियम फॉस्फेट असते. पोटॅशियमचे क्षार पाण्याबरोबर वाहून जातात, पण फॉस्फेट मातीतल्या कॅल्शियमशी बांधले जाते आणि शतकानुशतके जागचे हलत नाही. म्हणून पांढरीची माती शेताला मानवते, आणि म्हणूनच एखाद्या रानात फॉस्फेटचे प्रमाण आजूबाजूपेक्षा बरेच जास्त आढळले तर तिथे पूर्वी वस्ती असावी असा संशोधक तर्क करतात. प्रयोगशाळेतले सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून पाहण्याचा मोह शिक्षकांना होईल. माती फसफसेलही. पण आपल्या काळ्या मातीतही चुनखडीचे खडे असतात आणि तेही फसफसतात, तेव्हा एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये.

आता या टेकडीची उंची. डोंगर झिजून उरलेली टेकडी वेगळी आणि ही वेगळी. हिची वाढ माणसांनी केलेली आहे. मातीचे घर दोन-तीन पिढ्या टिकते, मग भिंत खचते. नवे घर बांधणारा जुना ढिगारा लांब नेऊन टाकीत नाही. तो सपाट करतो, चोपतो आणि त्यावरच पाया घालतो. त्यातून नदीकाठी राहणाऱ्याला पुराचे भय असते, म्हणून चार बोटे उंची वाढली तर ती त्याला हवीच असते. असे पन्नास वेळा झाले की टेकडी तयार होते. जागा मात्र लोक तीच निवडतात, कारण पाणी, उतार, वाट आणि सुपीक रान ही कारणे राज्ये बदलली तरी बदलत नाहीत.

साहजिकच खालचा थर जुना आणि वरचा नवा. हे तत्त्व भूशास्त्रातून आले आणि मुलांना सांगायला फार सोपे आहे. जुन्या स्वयंपाकघरातल्या भिंतीचा पोपडा हातात घेऊन कडेने पाहावा: चुना, निळीचा हात, पुन्हा चुना, मग धुराने काळवंडलेली पट्टी. त्यात घराचा इतिहास क्रमाने दिसतो. पण जमिनीत हे तत्त्व जसेच्या तसे लावायला गेलो तर फसगत ठरलेली. ती कशी, हे आपल्या सोलापूर भागातल्या माणसाला चटकन समजेल, कारण त्याला पेव ठाऊक आहे.

ज्वारी साठवायला आपण पेव खणतो. ते अंगणातून सुरू होते आणि दोन-तीन पुरुष खोल जाते. समजा, हे अंगण एका जुन्या टेकडीवर आहे. पेव खणताना मालकाने मराठाकाळाचा थर भेदला, त्याखालचा सातवाहनकाळाचाही भेदला. पुढे पेव पडीक झाले आणि त्यात कचरा गेला: फुटका कप, बाटलीचे बूच, १९५७ सालचा नवा पैसा. शंभर वर्षांनी कुणी तिथे फक्त खोली मोजत खणले तर नवा पैसा सातवाहनांच्या थराखाली मिळेल! तेव्हा वस्तू किती फुटांवर मिळाली हे महत्त्वाचे नाही. ती ज्या खड्ड्यात मिळाली तो खड्डा कोणत्या जमिनीवरून खणायला सुरुवात झाली, ते महत्त्वाचे. उत्खनकाचे निम्मे कौशल्य पेवाचे तोंड शोधण्यात असते. पेवाप्रमाणेच उंदरांची बिळे, खांबांचे खड्डे, विहिरी, पाया चोरणाऱ्यांनी खणलेले चर हे सगळे थरांची सरमिसळ करतात. पाया चोरणे हा शब्द विनोदाने वापरलेला नाही. पक्क्या विटा पुन्हा वापरता येतात म्हणून लोकांनी जुन्या भिंती मुळापासून उपसून नेल्याचे ठिकठिकाणी दिसते. विटा जातात, पण त्या जागी भुसभुशीत मातीची रेघ उरते आणि नसलेल्या भिंतीचा नकाशा काढता येतो.

म्हणून उत्खननाचे काम कुदळीपेक्षा खुरपी, ब्रश, दोरी आणि वहीनेच जास्त चालते. टेकडीवर दोऱ्यांनी चौकोन आखतात. एका चौकोनात खणताना शेजारच्या चौकोनापर्यंत मीटरभर रुंदीचा बांध न खणता ठेवतात. या बांधाची उभी बाजू खुरपून स्वच्छ केली, वर थोडे पाणी शिंपडले की थर दिसू लागतात: राखेची करडी पट्टी, चोपलेल्या जमिनीची पिवळी रेघ, पुराच्या गाळाचा बारीक थर. प्रत्येक थराला क्रमांक आणि प्रत्येक वस्तूला चिठ्ठी. खणलेली माती चाळून घेतात आणि तिचा काही भाग पाण्यात टाकतात. जळलेले धान्य हलके असते, ते तरंगते, आणि त्यावरून त्या घरात काय शिजत होते ते कळते. बांध ठेवण्याची ही शिस्त भारतात रुजवली ती मॉर्टिमर व्हीलर यांनी. १९४४ ते १९४८ या काळात ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते. त्यापूर्वी इंग्लंडमध्ये त्यांनी मेडन कॅसल या टेकडीवरच्या अनेक युगांच्या वस्तीचे उत्खनन केले होते आणि त्या कामावर शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांत एक भारतीय होता, हसमुख धीरजलाल सांकलिया. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात राहून त्यांनी महाराष्ट्राचा इतिहासपूर्व काळ अक्षरशः उकरून काढला.

सांकलियांचे नेवाशाचे काम या सर्व विवेचनाचे उत्तम उदाहरण आहे. नेवासे म्हटले की आपल्याला ज्ञानेश्वरी आणि शके १२१२ आठवते. त्याच गावी प्रवरेच्या काठी लाडमोड नावाची टेकडी आहे. १९५४ ते १९५६ या काळात सांकलिया, शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती खणली. सर्वांत वर बहामनी आणि मराठा काळाची घरे निघाली. त्याखाली इसवी सनाच्या आरंभाच्या आसपासचा थर होता. त्यात सातवाहनांची नाणी, काचेचे मणी, तांबडी चकचकीत भांडी आणि भूमध्यसागरातून मद्य किंवा तेल भरून येणाऱ्या निमुळत्या बुडाच्या रांजणांचे तुकडे सापडले. त्याच्या खाली ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांची वस्ती होती, सुमारे साडेतीन ते तीन हजार वर्षांपूर्वीची. तांबडी, काळ्या नक्षीची भांडी, गारगोटीच्या जातीच्या दगडांची बारीक पाती आणि घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत पुरलेली लहान मुले. प्रवरेच्या काठावरच्या दगडगोट्यांच्या थरांत तर त्याहून कितीतरी जुनी अश्मयुगीन हत्यारे मिळाली. या उत्खननाचा अहवाल १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे नाव ‘फ्रॉम हिस्टरी टू प्रीहिस्टरी ॲट नेवासा’ असे आहे. इतिहासाकडून प्रागितिहासाकडे, म्हणजे खणण्याची दिशा तीच पुस्तकाची दिशा.

नेवाशाच्या थरांत दोन मोठे खंड आहेत. ताम्रपाषाणयुगातले लोक गेल्यावर कित्येक शतके टेकडीवर कुणी नव्हते. पुन्हा रोमन व्यापाराच्या काळानंतर हजार वर्षांहून अधिक काळ टेकडी ओस होती. आता गंमत अशी, की १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली तो काळ या दुसऱ्या खंडात पडतो. मग नेवासे तेव्हा नव्हते काय? होते, पण टेकडीवर नव्हते. वस्ती सरकली होती. खणलेल्या चराचे उत्तर त्या चरापुरतेच असते, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासाठी याहून चांगला दाखला मला माहीत नाही. विहीर खणणाऱ्याला जमिनीचे सगळे थर दिसतात पण ते आठ-दहा फुटांच्या घेरात. शेत नांगरणाऱ्याला सगळे रान दिसते पण ते वीतभर खोलीचे. पुरातत्त्वात दोन्ही प्रकार लागतात. भीमेच्या खोऱ्यात, घोड नदीकाठच्या इनामगावला १९६८ पासून बारा-चौदा वर्षे डेक्कन कॉलेजने दुसऱ्या प्रकारे आडवे उत्खनन केले, तेव्हा कुठे एका ताम्रपाषाणयुगीन खेड्यातल्या घरांची रचना समोर आली.

नेवाशाची आणखी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. तिथल्या एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. दोरा कधीच कुजून जायला हवा होता. पण तांबे गंजून जे क्षार तयार होतात ते जीवाणूंना मारक असतात, त्यामुळे मण्यांच्या आतला दोरा तगला. मोहेंजोदडोच्या कापसाच्या तपासणीत ज्यांचा सहभाग होता त्या ए. एन. गुलाटींनी तो तपासला आणि त्यात रेशीम व कापूस असल्याचे सांगितले. मूल गेले तेव्हा त्याच्या गळ्यातली माळ कुणी काढून घेतली नाही. बाकी त्या घराविषयी आपल्याला काहीच ठाऊक नाही.

काळ ठरवण्याचे मुख्य साधन मात्र माळ किंवा नाणे नसून फुटके खापर आहे. मडके सहज फुटते, फुटल्यावर कुणी ते सांभाळून ठेवीत नाही, मातीत ते कुजत नाही, आणि मडक्यांचा घाट, काठ, रंग दर काही पिढ्यांनी बदलतो. तेर गावच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने कच्चे-पक्के मडके ओळखल्याची कथा सर्वांना माहीत आहे. उत्खनकही तेच करतो. खापर वाजवून पाहतो, भाजणी ओळखतो, काठाचा घाट पाहतो. नाण्याचे तसे नाही. नाणे मिळाले तर थर त्या नाण्यापेक्षा जुना नाही एवढेच म्हणता येते. नाणे शंभर वर्षे वापरात राहून मग हरवले असेल.

कोळशाचा तुकडा मिळाला तर कार्बन-१४ ची पद्धत उपयोगी पडते. विलर्ड लिबी यांनी ती १९४९ च्या सुमारास सिद्ध केली आणि त्यासाठी त्यांना १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात १९६० च्या दशकात मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रीसर्चमध्ये अशी मापने होऊ लागली. झाड जिवंत असेतो हवेतला कार्बन घेत राहते. मेल्यावर घेणे थांबते आणि आतला कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. गणिताच्या तासाला हे करून पाहावे: ३,३०० वर्षांपूर्वीच्या कोळशात मूळच्या सुमारे ६७ टक्के कार्बन-१४ शिल्लक असेल, १,९०० वर्षांपूर्वीच्या कोळशात सुमारे ८० टक्के. मापनात मूळ प्रमाणाच्या एका टक्क्याची चूक झाली तर या टप्प्यात शंभरहून अधिक वर्षांचा फरक पडतो, आणि हवेतले कार्बन-१४ चे प्रमाणही प्रत्येक शतकात सारखे नव्हते, म्हणून झाडांच्या वार्षिक वलयांशी ताडून तारीख दुरुस्त करावी लागते. शिवाय ही तारीख झाडाची आहे, घराची नव्हे. जुन्या वाड्याची तुळई काढून नव्या घराला लावायची आपली रीत आजची नाही.

कधी कधी काळाचा खुंटा लांबच्या देशातून मिळतो. व्हीलर यांना १९४५ मध्ये पुदुच्चेरीजवळ अरिकमेडू येथे इटलीत बनलेली ठशांची भांडी मिळाली. ती केव्हा बनत होती हे युरोपात नक्की ठाऊक होते. त्याच थरांतल्या भारतीय खापरांना एकदम तारीख मिळाली आणि ती खापरे जिथे जिथे सापडली तिथल्या थरांनाही. असाच एक खुंटा आपल्या अगदी जवळ, तेरला आहे.

तेर धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीवर आहे. वैरागहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येते. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर हे मोठे शहर सांगितले आहे. तिथून साधे कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून भडोचला जाई. कोकण आणि कोल्हापूरकडचे शिलाहार राजे पुढे कित्येक शतकांनी स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. हे तगर कोणते याविषयी विद्वानांत बराच घोळ होता. कुणी देवगिरी म्हणे, कुणी जुन्नर. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी ते तेरच असल्याचे दाखवले. गावाभोवती पांढरीची टेकाडे आहेत. बी. एन. चापेकरांनी १९५८ मध्ये आणि शां. भा. देवांनी १९७४-७५ मध्ये तिथे उत्खनन केले आणि सातवाहनकालीन नगराचे अवशेष पुढे आले. गावातले त्रिविक्रमाचे मंदिर विटांचे आहे आणि त्याची मागची बाजू गजपृष्ठाकार आहे. ते मुळात बौद्ध चैत्य असावे असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे जमिनीखाली जे थर आहेत तसे जमिनीवरही आहेत.

तेरच्या सरकारी संग्रहालयाचा पाया कै. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहाने घातला. पावसाने टेकाडे धुपली की वर येणाऱ्या वस्तू त्यांनी वर्षानुवर्षे जमवल्या: मातीच्या आणि पांढऱ्या केओलिनच्या मूर्ती, दिवे, मणी, नाणी. त्यात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी जवळचे साम्य असलेली भारतीय मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पाँपे येथे सापडली. पाँपे इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेले, म्हणजे ती मूर्ती त्याआधीची, हे निर्विवाद. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या १९७३ च्या उत्खननातही अशाच घडणीचा हस्तिदंती अवशेष मिळाला. व्हेसूव्हियसने तेरच्या कारागिरांची तारीख ठरवावी, हा योग विलक्षण खरा.

लामतुरे नसते तर यातल्या बहुतेक वस्तू माळवदावर, शेतात किंवा परदेशी गेल्या असत्या. त्यांचे ऋण मोठे आहे. तरीही या वस्तूंना विचारावेसे वाटणारे प्रश्न अनुत्तरित राहतात. मूर्ती कुणाच्या घरात होती? कारखान्यात की देवघरात? शेजारी काय होते? थरातून सुटलेली वस्तू सुंदर असते, पण मुकी असते. दायमाबादच्या ब्राँझच्या वस्तूंचे हेच झाले. प्रवरेच्या खोऱ्यातल्या या गावी १९७४ मध्ये झुडपाचे मूळ खणताना एका शेतकऱ्याला बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा साठ किलोंहून अधिक वजनाच्या चार मूर्ती मिळाल्या. त्या थरासकट निघाल्या नाहीत. नंतर शां. आ. साळी यांनी तिथे रीतसर उत्खनन करून त्या उत्तर-हडप्पा काळातल्या ठरवल्या. मधुकर ढवळीकरांचेही तेच मत. डी. पी. अगरवाल यांनी मात्र धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून शंका घेतली. पाच-पन्नास वर्षे वाद चालू राहतो तो अशा एका तुटलेल्या दुव्यामुळे.

उत्खनन हाही एक प्रकारचा नाशच आहे, हे इथे लपवू नये. खणलेला थर पुन्हा खणता येत नाही. म्हणून जाणता उत्खनक टेकडीचा बराच भाग पुढच्या पिढीच्या साधनांसाठी तसाच ठेवतो, आणि म्हणून उत्खननाचा अहवाल छापला नाही तर, माझ्या मते, ते उत्खनन आणि यंत्राने उपसलेली माती यांत फार अंतर राहत नाही. फरक वेगाचा. पूर्वी माळवदासाठी वर्षाला गाडीभर माती जाई, आता यंत्र एका दिवसात टेकाडाचा कोपरा नेते. त्यात गुप्तधनाच्या आशेने रात्री खणणारे वेगळेच. पांढरीत सोन्याचे हंडे असतात ही समजूत मुलांच्या मनातून काढणे अवघड आहे, पण शाळेतच ती काढता येईल. पुरलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे काहीही मिळाले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, असे १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो.

शाळेने काय करावे? खणू नये, हे पहिले. पहिल्या पावसानंतर, शेतमालकाला विचारून, मुलांना पांढरीवर न्यावे. खापऱ्या उचलून पिशवीत भरण्याऐवजी दोरीने दहा पावलांचा चौकोन आखावा आणि त्यात तांबड्या किती, काळ्या किती, काठाचे तुकडे किती, हे मोजून तिथेच ठेवावे. तोच चौकोन टेकाडाच्या माथ्यावर, उतारावर आणि पायथ्याशी आखला तर आकडे वेगळे येतात. ते का, यावर अर्धा तास चर्चा होते. जवळ ओढ्याने कापलेली दरड असेल तर तिचे चित्र काढायला सांगावे, पट्टीने मापे घेऊन. राखेची रेघ कुणाला आधी दिसते ते पाहावे. खड्ड्याची कड सापडली तर तिचे तोंड कोणत्या थरात आहे ते विचारावे. टेकाडाची जागा, सर्वे क्रमांक आणि चित्र एका वहीत नोंदवून तिची प्रत सोलापूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाकडे किंवा डेक्कन कॉलेजकडे पाठवावी. तेरला सहल नेली तर संग्रहालयात उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट दाखवायला विसरू नये. आपल्या हवेत, वाळवीच्या तडाख्यात इतके जुने लाकूड क्वचितच तगते.